माउझर पिस्तूल : क्रांतिकारकांच्या हातून चित्रपटाच्या नायकाकडे

साहसपटातील नायकाचे शस्त्र बहुधा त्याच्या काळापेक्षा जुने असते, आणि हा जुनेपणा अपघाती नसतो. १९३६ साली घडणाऱ्या कथेतील इंडियाना जोन्स स्मिथ अँड वेसन कंपनीचे जुने, जड रिव्हॉल्व्हर वापरतो. १९८९ च्या तिसऱ्या चित्रपटात त्याच्याकडे ब्रिटिश वेब्ली येते. तर १९९९ च्या ‘द ममी’ या चित्रपटाचा नायक १९२० च्या दशकातील इजिप्तमध्ये १८७३ च्या नमुन्याची फ्रेंच रिव्हॉल्व्हरे घेऊन वावरतो. सरकारने दिलेले नवे शस्त्र शिपायाच्या हाती शोभते, पण जो कोणाच्याही हुकमाचा ताबेदार नाही त्याच्याकडे कुठूनतरी मिळवलेले, हातात मुरलेले हत्यार असावे, असा एक अलिखित संकेत या चित्रपटांनी पाळला आहे. या संकेताला पूर्णपणे उतरलेले आणि पडद्याबाहेरही तसेच आयुष्य जगलेले एखादे हत्यार शोधायचे झाले, तर जर्मनीतील माउझर कंपनीच्या ‘सी-९६’ या पिस्तुलाकडे पाहावे लागते. ज्या सैन्यासाठी ते बनवले गेले त्याने ते नाकारले, आणि पुढील चाळीस वर्षे ते अशा लोकांच्या हाती गेले ज्यांना कोणत्याही शस्त्रागाराने अधिकृतपणे काहीच दिले नसते.

नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ या गावी व्युर्टेम्बर्गच्या राज्याचा बंदुकांचा जुना कारखाना होता. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्हेल्म आणि पॉल या माउझर बंधूंच्या ताब्यात आला आणि त्यांच्या रायफलींमुळे जगभर नावाजला. पिस्तूल हा या कारखान्याचा मुख्य व्यवसाय नव्हता. प्रायोगिक विभागाचा प्रमुख फिडेल फीडर्ले आणि त्याचे दोन भाऊ, फ्रीडरिश व योझेफ, यांनी कामाच्या फावल्या वेळेत नव्या पद्धतीच्या पिस्तुलाचा आराखडा तयार केला. पॉल माउझर यांना आरंभी हा उद्योग फारसा रुचला नव्हता, असे सांगितले जाते. १८९५ मध्ये पहिला नमुना तयार झाला, पेटंट मात्र कारखान्याच्या प्रथेप्रमाणे मालकाच्याच नावावर घेण्यात आले, आणि त्यामुळे फीडर्ले बंधूंचे नाव आज शस्त्रेतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. नावातील ‘९६’ हा आकडा त्या वर्षाचा आहे.

त्या काळी हातातले बंदूकवजा हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर, अर्थात फिरत्या नळकांड्यात सहसा सहा काडतुसे भरलेले आणि दर बाराला ते नळकांडे एक घर पुढे सरकवणारे शस्त्र, अशीच कल्पना रूढ होती. माउझर अर्धस्वयंचलित होते. अर्धस्वयंचलित म्हणजे गोळी सुटल्यावर बसणाऱ्या मागच्या धक्क्याचाच उपयोग करून रिकामी पुंगळी बाहेर फेकणारे आणि नवे काडतूस नळीत बसवणारे, पण प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागणारे. यात नळी आणि तिच्या मागचा बोल्ट, म्हणजे काडतूस जागेवर दाबून धरणारा पोलादी दांडा, हे एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत थोडे अंतर मागे जातात. गोळी नळीबाहेर पडून वायूचा दाब ओसरला की खालचा अडसर सुटतो, बोल्ट एकटाच मागे सरकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना पुढचे काडतूस ढकलत नेतो. दहा काडतुसांचे घर मुठीत नसून चापाच्या पुढे आहे, आणि ते भरण्यासाठी दहा काडतुसे ओवलेली पत्र्याची पट्टी वरून बसवून अंगठ्याने खाली दाबावी लागते. मूठ पकडून ठेवणारा एक स्क्रू सोडला तर सबंध यंत्रात दुसरा स्क्रू नाही. सगळे भाग एकमेकांत कोड्यासारखे गुंतवलेले आहेत. ही कारागिरी पाहणाऱ्याला मोहवते, पण असे शस्त्र बनवायला वेळ आणि पैसा किती लागत असेल याचाही अंदाज त्यातूनच येतो.

या पिस्तुलाचे लाकडी म्यान हा त्याचा दुसरा विशेष. पोकळ लाकडाचा हा लांबट डबा कमरेला लटकवता येई आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर तोच त्याच्या मुठीमागे बसवून खांद्याला टेकवण्याचा दस्ता होई, म्हणजे एका शस्त्रात पिस्तूल आणि आखूड रायफल अशी दोन्ही कामे साधत. ७.६३ मिलिमीटर व्यासाची हलकी गोळी सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने निघे, आणि हा वेग समकालीन पिस्तुलांपेक्षा खूपच अधिक होता. नळीवरील नेमपट्टीवर तर १००० मीटरपर्यंतच्या खुणा कोरलेल्या असत. त्या अंतरावर माणूस टिपता येईल हा दावा विक्रेत्याच्या उत्साहाचा मानावा, नेमबाजाच्या अनुभवाचा नव्हे.

जर्मन सैन्याने या पिस्तुलाची परीक्षा घेतली आणि ते नियमित शस्त्र म्हणून स्वीकारले नाही. नौदलाने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये लुगर पिस्तुलाची निवड केली. पहिल्या महायुद्धात शस्त्रे अपुरी पडू लागल्यावर प्रशियाच्या सैन्याने ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बदललेली दीड लाख माउझर मागवली आणि गोंधळ टाळण्यासाठी त्यांच्या मुठीवर लाल रंगात ९ चा आकडा कोरला, पण ही निकडीची खरेदी होती. त्यापूर्वी तुर्कस्तानने एक हजार, इटलीच्या नौदलाने पाच हजार आणि इराणने पुन्हा एक हजार नग घेतले. एवढ्या मागणीवर कारखान्याचा हा विभाग चालला नसता. तो चालला तो खासगी गिऱ्हाइकांवर: वसाहतींत जाणारे अधिकारी, शिकारी, प्रवासी, आणि स्वतःच्या खिशातून शस्त्र विकत घेण्याची ऐपत व हौस असलेले तरुण लेफ्टनंट.

अशा लेफ्टनंटांपैकी सर्वांत प्रसिद्ध विन्स्टन चर्चिल, आणि त्यांच्या हाती हे पिस्तूल येण्यामागचे कारण मुंबईत घडले. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या घोडदळाच्या पलटणीबरोबर भारतात आलेले चर्चिल ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरण्यासाठी लहान होडीतून आले. लाटेबरोबर होडी वरखाली होत असताना त्यांनी धक्क्याच्या भिंतीतील लोखंडी कडे धरले, होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. ही दुखापत जन्मभर त्यांची पाठ सोडणार नव्हती. घोडदळातील अधिकाऱ्याने हल्ल्याच्या वेळी तलवार चालवायची असते, पण ऐन गर्दीत तलवारीचा हिसका बसून खांदा पुन्हा निसटला तर मरण ठरलेले, म्हणून त्यांनी तलवारीऐवजी पिस्तुलावर भिस्त ठेवण्याचे ठरवले आणि लंडनमध्ये तेव्हा अगदी नवे असलेले माउझर विकत घेतले.

२ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमधील ओमदुर्मान येथे चर्चिल यांच्यासह एकविसाव्या लान्सर पलटणीच्या सुमारे तीनशे स्वारांनी जी चढाई केली ती जेमतेम दोन मिनिटे चालली. समोर तुरळक शत्रू दिसत असताना मागच्या कोरड्या ओढ्यात मोठा जमाव दडलेला होता, आणि त्या दोन मिनिटांत सत्तर माणसे व सुमारे १२० घोडे मेले वा जखमी झाले. चर्चिल यांनी तलवार म्यानात घालून पिस्तूल बाहेर काढले आणि त्याच्या बळावर ते त्या गर्दीतून पार झाले. भाल्यांच्या पलटणीत दहा गोळ्यांचे यंत्र घेऊन दौडणारा हा अधिकारी एका युगाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ एकाच खोगिरावर घेऊन बसला होता, असे म्हणण्याचा मोह इतिहासकारांना आवरत नाही. प्रत्यक्षात त्यामागे एक निखळलेला खांदा होता. पुढल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत, १५ नोव्हेंबर १८९९ रोजी, बोअरांनी चिलखती आगगाडीवर छापा घातला तेव्हा वार्ताहर म्हणून गेलेल्या चर्चिल यांनी रुळांवरचा अडथळा दूर करण्याच्या धावपळीत पिस्तूल इंजिनावरच काढून ठेवले होते. बंदूक रोखून समोर उभ्या ठाकलेल्या घोडेस्वारापुढे त्यांना शरण जावे लागले, ते कमरेला काही नव्हते म्हणून, आणि कदाचित म्हणूनच ते जगलेही.

साम्राज्याच्या अधिकाऱ्यांनी हौसेने घेतलेले हे शस्त्र साम्राज्याच्या शत्रूंच्या हाती कसे गेले, याचे सर्वांत ठळक उदाहरण कोलकात्यातील आहे. त्या शहरात आर. बी. रॉडा आणि कंपनी ही बंदूकविक्रेत्यांची पेढी होती. २६ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नसताना, जकात कचेरीतून माल सोडवून आणण्याचे काम असलेला पेढीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याने २०२ पेट्या ताब्यात घेतल्या, त्यांतील १९२ पेढीच्या वखारीत आणून पोचवल्या आणि उरलेल्या आणण्यासाठी जातो असे सांगून तो निघून गेला तो पुन्हा परतला नाही. बैलगाडीवर गाडीवानाच्या वेषात हरिदास दत्त हा क्रांतिकारक होता. नाहीशा झालेल्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती.

या चोरीचा हिशेब १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात सरकारनेच मांडून ठेवला आहे. पन्नासांपैकी ४४ पिस्तुले जवळजवळ तत्काळ बंगालमधील नऊ निरनिराळ्या क्रांतिकारी गटांत वाटली गेली, पुढच्या काळात ५४ दरोडे, खून किंवा तसे प्रयत्न यांत ती वापरली गेली, आणि अहवाल लिहिला जाईपर्यंत ३१ परत मिळाली होती. लाकडी म्यानाचाच दस्ता करून हे पिस्तूल रायफलीसारखे खांद्यावरून झाडता येते, याची समितीने आवर्जून नोंद केली. ९ सप्टेंबर १९१५ रोजी ओडिशातील बालासोरजवळ बुढीबालम नदीकाठी जतींद्रनाथ मुखर्जी, अर्थात बाघा जतीन, आणि त्यांचे चार साथीदार रायफलधारी पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी लढले, तेव्हा माउझरच्या या दुहेरी गुणाची प्रचीती आली. साध्या रिव्हॉल्व्हरच्या बळावर पाच जणांना ती झुंज देता आली नसती. चित्तप्रिय रायचौधुरी तिथेच पडले आणि जतींद्रनाथांनी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात प्राण सोडले. दहा वर्षांनी, ९ ऑगस्ट १९२५ रोजी, काकोरी येथे आगगाडीतील सरकारी खजिना लुटणाऱ्या रामप्रसाद बिस्मिल यांच्या गटाकडेही माउझरच होती. त्या प्रसंगी चुकून सुटलेल्या गोळीने एका प्रवाशाचा बळी गेला आणि लुटीच्या गुन्ह्याला खुनाचा गुन्हा येऊन मिळाला.

महाराष्ट्रातील क्रांतिकारकांचे शस्त्र मात्र वेगळे होते, आणि या फरकातून पिस्तुलाचा आकार आणि राजकीय कृतीचे स्वरूप यांचे नाते दिसते. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याकरवी १९०९ मध्ये मुंबईत धाडलेली वीस पिस्तुले ब्राउनिंग जातीची, म्हणजे सपाट, लहान आणि कोटाच्या खिशात सहज मावणारी होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंगमधूनच गोळ्या झाडल्या. प्रेक्षकांच्या गर्दीतून, हातभर अंतरावरून करायच्या अशा कृतीसाठी फूटभर लांबीचे आणि लाकडी डबा बाळगावा लागणारे माउझर निरुपयोगी ठरले असते. ब्राउनिंग हे लपवायचे शस्त्र होते. माउझर लपत नाही. ते बाळगणारा उघड्यावर येऊन लढायला तयार असतो, किंवा तसा दिसावा अशी त्याची इच्छा असते, आणि कॅमेऱ्याला नेमके हेच हवे असते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन पिस्तुलांच्या नळीची लांबी १०० मिलिमीटरहून कमी असावी असे बंधन घातले. मूळ नळी सुमारे १४० मिलिमीटरची असल्याने माउझर कंपनीने ती ९९ पर्यंत कापली, मूठही लहान केली आणि हे आखूड पिस्तूल मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत रशियाला विकले. बोल्शेविकांचे म्हणून त्याला ‘बोलो’ असे नाव पडले. यादवी युद्धाच्या काळापासूनच चामडी कोट घातलेला आणि कमरेला लाकडी म्यान लटकवलेला कमिसार हे क्रांतीचे ओळखचित्र बनले होते, मायकोव्हस्की यांनी १९१८ च्या कवितेत माउझरला सहकारी म्हणून बोलावले होते, आणि पुढे सोव्हिएत चित्रपटांनी ते ओळखचित्र पिढ्यान्‌पिढ्या गिरवले. तोकारेव्ह पिस्तुलासाठी १९३० च्या सुमारास रशियाने स्वीकारलेले काडतूसदेखील माउझरच्याच काडतुसावरून बेतलेले होते.

तरीही या पिस्तुलाची खरी भूमी चीन ठरली. १९११ नंतर तिथे केंद्रीय सत्ता नावालाच उरली होती, प्रांतोप्रांती सेनापतींची राज्ये होती, आणि १९१९ ते १९२९ या काळात परकीय राष्ट्रांनी चीनला शस्त्रे विकण्यावर बंदी घातली होती. या बंदीच्या काळात खांद्याला लावून रायफलीसारखे चालणारे पिस्तूल प्रत्येक सेनापतीला हवेसे वाटले, यात नवल नाही. लाकडी म्यानावरून चिनी लोक त्याला ‘पेटीतोफ’ म्हणत. यान शीशान या सेनापतीच्या शान्शी प्रांतातील तायुआन येथील शस्त्रागाराने तर .४५ व्यासाचे, मूळ माउझरहून धिप्पाड असे रूप स्वतःच घडवले. १ ऑगस्ट १९२७ रोजीच्या कम्युनिस्टांच्या नान्चांग उठावात, जो दिवस चीनचे सैन्य आजही स्थापनादिन म्हणून पाळते, झू द यांनी वापरलेले माउझर बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात जपलेले आहे. एकाच प्रकारचे पिस्तूल सेनापती, त्याचे अंगरक्षक, डोंगरातले दरोडेखोर आणि त्यांच्याशी लढणारे कम्युनिस्ट गनीम या सर्वांच्या हाती होते, त्यामुळे चिनी चित्रपटात, मग तो १९५० च्या दशकातील गनिमांच्या शौर्याचा असो की जियांग वेन यांचा २०१० चा ‘लेट द बुलेट्स फ्लाय’ असो, माउझरवरून पात्राची बाजू ओळखता येत नाही. तो काळ मात्र क्षणात ओळखता येतो.

चिनी मागणी एवढी होती की स्पेनमधील एईबार आणि आसपासच्या बंदूक कारागिरांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात माउझरच्या बाह्यरूपाची नक्कल करणारी पिस्तुले बाजारात आणली, आणि त्यांतील काही तर एकदा चाप दाबला की सलग गोळ्या झाडणारी होती. नकलेने मूळ वस्तूला मागे टाकल्याचे पाहून माउझरने १९३२ मध्ये आपलेही सलग गोळ्या झाडणारे आणि वीस काडतुसांचे सुटे घर असलेले रूप काढले. एवढ्या हलक्या शस्त्रातून असा मारा करताना नळी वर उसळते, म्हणून पिस्तूल आडवे धरून उसळी आडव्या दिशेला वळवण्याची चिनी युक्ती अनेक लेखकांनी वर्णिली आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मूळ उत्पादन थांबले, तोपर्यंत सुमारे दहा लाख नग बनून जगभर पांगले होते.

चित्रपटाच्या दृष्टीने हे पांगणे महत्त्वाचे होते. चित्रीकरणासाठी शस्त्रे भाड्याने देणाऱ्या लंडनच्या बॅप्टी अँड कंपनीसारख्या पेढ्यांच्या फडताळात जी जुनी हत्यारे साचली, त्यांत माउझर सहज सापडे. पडद्यावर अर्धस्वयंचलित पिस्तूल चालवणे मात्र रिव्हॉल्व्हरइतके सोपे नाही. बिनगोळीच्या काडतुसात नुसती दारू असते, नळीत वायूला अडवणारी गोळी नसल्याने धक्का पुरेसा बसत नाही आणि यंत्र मागे सरकत नाही, म्हणून नळी आतून अंशतः बुजवून दाब वाढवावा लागतो. ही खटपट करूनही दिग्दर्शक माउझरकडे वळत राहिले ते त्याच्या बाह्याकृतीमुळे: पुढचे चौकोनी घर, बारीक लांब नळी आणि झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ. इंग्रजीत या मुठीवरूनच त्याला टोपणनाव मिळाले आहे.

सर्जिओ कोर्बुची यांच्या १९६८ च्या ‘द ग्रेट सायलेन्स’ या इटालियन वेस्टर्नमध्ये झाँ-लुई ट्रँतिन्याँ यांनी रंगवलेला मुका नायक बर्फाने गाडलेल्या युटामध्ये माउझर चालवतो. कथा १८९८ च्या आसपासची असल्याने पिस्तूल तिथे असणे कालविसंगत नाही, आणि इतर सर्वांकडे जुनी शस्त्रे असताना एकट्या परक्या माणसाकडे युरोपातील नवे यंत्र देणे ही चतुर योजना आहे. इतके असूनही तो शेवटी मारला जातो, हे कोर्बुची यांचे कडवटपण. १९७२ च्या ‘यंग विन्स्टन’मध्ये रिचर्ड ॲटनबरो यांनी ओमदुर्मानची चढाई उभी केली तेव्हा सायमन वॉर्ड यांच्या हाती अर्थात हेच पिस्तूल आले.

१९७६ मध्ये लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत ‘स्टार वॉर्स’चे चित्रीकरण झाले. जॉर्ज लुकास यांना वापरून झिजलेले, तेलकट भविष्य हवे होते आणि पैसा बेताचा होता. सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांनी प्लॅस्टिकची काल्पनिक शस्त्रे बनवण्याऐवजी बॅप्टीकडची खरी जुनी शस्त्रे घेऊन त्यांवर भंगारातले भाग चढवण्याचा मार्ग काढला. तस्कर हान सोलोच्या वाट्याला आलेल्या माउझरवर जर्मन दुर्बीण आणि नळीच्या तोंडाशी विमानातील मशिनगनचा भाग बसवण्यात आला. अवकाशात चोरटा माल वाहणाऱ्या, कर्जबाजारी आणि कोणत्याही साम्राज्याशी इमान नसलेल्या या पात्राला दुसरे कोणतेही शस्त्र इतके शोभले नसते. हॅरिसन फोर्ड यांनी पाच वर्षांच्या आत सोलो आणि इंडियाना जोन्स असे दोन स्वच्छंद साहसी पुरुष साकारले आणि दोघांनाही जुनीच हत्यारे मिळाली, ही योजना नसून योगायोग असावा, पण तो बोलका आहे.

‘स्टार वॉर्स’मधील सोलोचे एक शस्त्र ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील रॉक आयलंड या लिलावगृहात १०,५७,५०० डॉलरला विकले गेले. अस्सल माउझर विकत घेऊन ती तशी सजवणे बहुतेक देशांतील शस्त्रकायद्यांमुळे अवघड आणि संग्राहकांच्या लेखी पाप असल्याने, चाहते आपले हान सोलोचे पिस्तूल बहुधा गोळी न झाडू शकणाऱ्या धातूच्या प्रतिकृतीवर उभे करतात. त्यांच्या पसंतीच्या प्रतिकृती डेनिक्स ही कंपनी बनवते, आणि तिचा कारखाना स्पेनमध्येच, मेनोर्का बेटावर आहे.